सुलतानाच्या स्वप्नातलं विज्ञान

१९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये 'सुलतानाज ड्रीम' नावाची छोटी इंग्रजी कथा छापून आली. लेखिका रोकेया सखावत हुसेन. जन्म १८८०चा, रंगपूरजवळच्या पायराबंद गावातल्या जमीनदार घरातला. घरात पडदा कडक, शाळा नाहीच. इंग्रजी शिकवलं ते थोरल्या भावानं. कथेत राज्य बायकांचं आणि पुरुष मर्दान्यात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या भागात, कोंडलेले. तेवढ्यावरून तिला उपहासिका ठरवून मोकळे होणारे पुष्कळ. स्वप्नाची सबब आणि नावापुरती यंत्रं, ही कसली विज्ञानकथा, असं ते विचारतात. पण या राज्यातली उलथापालथ घडते कशामुळे? दोन महिला विद्यापीठांमुळे. एक फुग्याला नळ्या जोडून ढगांतून पाणी खेचतं, दुसरं उन्हाची उष्णता साठवतं. पुरुष याची टर उडवत फौजफाटा वाढवत बसतात. पुढे तीच फौज लढाईत हरते, तेव्हा पुरुष घरात जातात, दोन हजार विद्यार्थिनी रणावर निघतात आणि साठवलेली उष्णता शत्रूवर सोडतात. स्वयंपाकही उन्हावर, त्यामुळे घरात धूर नाही. एवढं विज्ञान काढून टाका, कथा उभी राहते का बघा. (पुरुषांचे दिवसाचे सहा तास चिरूट ओढण्यात जातात, हा हिशेबही तिथे चोख मांडलाय.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: बायकांऐवजी पुरुष कोंडले, म्हणजे अन्यायाची फक्त बाजू बदलली. कथा हाच खरा न्याय म्हणून सांगत असती, तर मीही मान डोलावली असती. पण ज्याची भीती तो मोकळा आणि जिला भीती ती कोंडलेली, या रोजच्या व्यवहारातला वेडेपणा उघडा पाडायला रोकेयांनी तो उलटा करून दाखवला. त्यांना प्रत्यक्षात काय हवं होतं, ते कलकत्त्यात दिसतं. पतीच्या निधनानंतर १९११ साली त्यांनी तिथे आठ मुसलमान मुलींना घेऊन शाळा उघडली. मुलींना आणणारी गाडी इतकी बंदिस्त, की आत अंधार आणि मुली गुदमरून बेशुद्ध. मग थोडी हवा यावी म्हणून पडदे लावले, तर ते वाऱ्यानं उडतात म्हणून निनावी पत्रं! कथेत हवेतून गाडी उडवणाऱ्या बाईंना प्रत्यक्षात एका पडद्यापायी माघार घ्यावी लागे. त्या स्वतः पडद्यातच वावरल्या, याला कुणी भित्रेपणा म्हणेल. मला तो हिशेबी निर्णय वाटतो, कारण बाईंनी पडदा सोडला असता तर पालकांनी मुली काढून घेतल्या असत्या. १९३२मध्ये त्या गेल्या. शाळा कोलकात्यात अजून भरते.