भाड्याचं घर निवडताना : लखनौच्या चौकातून

(शिक्षणासाठी परगावी निघालेल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रवेशाचे फॉर्म, जात पडताळणी, फेलोशिप याबद्दल आपले सीनियर्स आपल्याला भरपूर सांगतात. पण होस्टेल मिळालं नाही तर परक्या शहरात घर कसं शोधायचं, दोन घरं समोर आली तर त्यातलं कोणतं घ्यायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. सांगणार तरी कोण? आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी आयुष्यात कधी भाडेकरार केलेला नाही. ते गाव सोडून राहिले असतील तर ऊसतोडीच्या कोपीत किंवा बांधकामाच्या साइटवर. आणि गावात आपलं घर कुठं असावं हे गावानंच ठरवून ठेवलेलं होतं, गावकुसाबाहेर. घर निवडण्याची वेळ आपल्या पिढीवर पहिल्यांदा आली आहे. म्हणून आज मी याच विषयावर बोलणार आहे.

मी संशोधनासाठी लखनौला राहते. माझा विषय चिकनकारी करणाऱ्या बायकांच्या कामाचा आहे. कुर्त्यावरचं जे नाजूक भरतकाम आपण बघतो, ते बहुतेक बायका घरात बसून, नगावर मजुरी घेऊन करतात. त्या मालाचा मोठा बाजार जुन्या लखनौत, चौकात आहे. चौक म्हणजे एक नाका नव्हे, ती गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्या आसपासची गल्ल्यांची अख्खी वस्ती आहे.

माझ्यासमोर दोन घरं होती. एक चौकातल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जिना उभा, खोली गच्चीखाली, त्यामुळे मे-जूनमध्ये भट्टी. पाण्याची मोटर ठरलेल्या वेळेलाच चालणार. खालचं दार रात्री दहाला बंद. भाडं ७,००० रुपये. दुसरं घर गोमती नदीच्या पलीकडे, नव्या कॉलनीत. रुंद रस्ता, स्वतंत्र स्वयंपाकघर, बाल्कनी, चोवीस तास पाणी. भाडं ७,५००. क्षेत्रकामाला रोज नदी ओलांडून यावं लागलं असतं, पण ते जमण्यासारखं होतं. कागदावर मांडलं तर दुसरं घर सरस होतं.

आता कागदावर न येणारा भाग सांगते. कॉलनीतले घरमालक वरच्या मजल्यावर राहायचे. अगदी सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, "पूरा नाम?" मी सांगितलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं. पुण्यात अशा आडनावाचीही लोक उलटतपासणी करतात, गाव कोणतं, पाहुणे कुठले, असं करत मुक्कामाला पोचतात. लखनौत ते कळत नाही. मालक खूश होऊन म्हणाले, "अच्छा, तेंदुलकर, मंगेशकर वाली साइड!" मग अटी आल्या. अंडं-मांस चालणार नाही, आणि कॉलनीत सगळे "अच्छे परिवार के लोग" आहेत. जिना उतरताना दलाल मला हळूच म्हणाला, "मैडम, सरनेम से कुछ पता नहीं चलता। आप बस कुछ बोलिएगा मत।"

मित्रमैत्रिणींनो, त्या घराची खरी अट हीच होती, आणि ती करारात लिहिलेली नसते. खोटं बोला असं कुणी म्हणत नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. म्हणून मी बसून हिशेब केला की हे गप्प राहणं नेमकं किती पडेल.

बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लावता येणार नाही, कारण उत्तर प्रदेशात आडनाव बोललं नाही तरी तसबीर बोलते. १४ एप्रिलला निळी साडी नेसून जिना उतरताना कारण तयार ठेवावं लागेल. घरचा फोन आला की आईला 'जय भीम' दबक्या आवाजात म्हणावं लागेल. आणि भेटायला येणाऱ्यांचं काय? माझं आडनाव लपतं, पण इथल्या माझ्या मैत्रिणी गौतम आहेत, जाटव आहेत, पासवान आहेत. त्यांना घरी बोलवायचं की नाही, बोलवलं तर कोणत्या नावानं ओळख करून द्यायची? म्हणजे माझ्या गप्प राहण्याची किंमत त्यांनाही मोजावी लागणार होती.

शिवाय एक सरळ व्यवहाराची गोष्ट आहे. फेलोशिप महिनोन्महिने रखडते हे आपल्याला माहीत आहे. भाडं एकदा उशिरा गेलं आणि त्याच महिन्यात जात कळली, तर प्रबंध लिहायच्या ऐन वेळी सामान रस्त्यावर येऊ शकतं. लपवून मिळालेलं घर कधी जाईल याचा भरवसा नसतो.

बाबासाहेबांनी हे भोगलेलं आहे. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा परदेशात शिकून आलेल्या त्या माणसाला कुणी घर देईना. शेवटी एका पारशी सराईत ते पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दाराशी आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. आता याच्या शेजारी त्यांचं दुसरं घर ठेवा. परळची बी.आय.टी. चाळ. तिथं समोरासमोरच्या दोन लहान खोल्यांत, एकीत कुटुंब आणि एकीत पुस्तकं अशा व्यवस्थेत, ते पुढं अनेक वर्षं राहिले. चाळ गजबजलेली, सोयी कमी. पण तिथं नाव बदलावं लागत नव्हतं. महाडच्या सत्याग्रहाच्या काळातलं त्यांचं घर ते होतं.

यावरून कुणी असं समजू नये की जुनी वस्ती चांगली आणि नवी कॉलनी वाईट. चौकातल्या मालकीणबाईंना गल्लीत सगळे खाला म्हणतात. त्यांनीही विचारलं, "बेटा, बिरादरी?" मी म्हटलं, "बौद्ध हूँ, खाला. आंबेडकरवाले." त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "किराया पाँच तारीख तक दे देना." बस. मुस्लिम समाजातही अशराफ आणि पसमांदा असा भेद आहे, आणि माझ्या चिकनकाम करणाऱ्या बायका मला तो रोज समजावून सांगतात. खाला संत नाहीत. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि सांगून झाल्यावरही घर मिळालं, एवढाच फरक आहे. आणि हेही लक्षात ठेवू या की नव्या कॉलन्यांमध्ये खालांच्या मुलांनाही घर मिळणं अवघड असतं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत फोनवरून आणि प्रत्यक्ष जाऊन घरं मागून पाहिली. तो अभ्यास २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. सवर्ण हिंदू नावाला घर सहज मिळत होतं, दलित नावाला अवघड, मुस्लिम नावाला त्याहून अवघड. घर मिळालं तरी पुष्कळदा वरून अटी होत्या.

कायदा काय करतो? संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. खाजगी मालकाचं भाड्याचं घर त्या यादीत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सदस्यत्व पारशांपुरतं ठेवण्याची मुभा दिली. कुणी चारचौघांत जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. पण "सॉरी, घर आधीच दिलं" या गोड नकाराला पकडणं फार कठीण आहे.

घर मिळाल्यानंतर मात्र कायदा कामाला येतो. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या भाडे कायद्यानुसार करार लेखी हवा, राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भांडण झालं म्हणून मालकाला वीज-पाणी तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. पाहुण्यासारखं तोंडी बोलण्यावर राहू नका. कागद मागायला लाजू नका. भाडं खात्यावरून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

मी चौकातलं घर घेतलं. उन्हाळा कठीण गेला हे खरंच सांगते. दहाच्या दारामुळे दोन कार्यक्रम अर्धे सोडून यावं लागलं. पण तसबीर भिंतीवर आहे, आणि मैत्रिणी आपापल्या नावानं येतात. शेजारच्या सआदतगंजमधूनच चंद्रिका प्रसाद जिज्ञासूंचं बहुजन कल्याण प्रकाशन चालायचं. बाबासाहेब हिंदी वाचकांपर्यंत नेणाऱ्या त्या स्वस्त पुस्तिका याच बाजूच्या गल्ल्यांतून निघाल्या, हे मला इथं राहायला आल्यावर कळलं.

तुमच्यातल्या कुणाला नाव लपवून राहावं लागलं तर त्याला दोष देऊ नका. परीक्षा तोंडावर असते, खिशात पैसे नसतात, मुलगी एकटी असते. अशा वेळी डोक्यावर छप्पर आधी. दोष लपवायला लावणाऱ्याचा आहे. माझं म्हणणं एवढंच, की दोन घरांची तुलना करताना भाडं, पाणी, अंतर या रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना ओढा : या घरात मला काय लपवावं लागेल, आणि किती दिवस? मग निवड करा.

आणि एक काम आपण सगळे करू शकतो. सवर्ण मुलांना घर मिळतं ते काकाच्या, मामाच्या ओळखीनं. आपल्याला ती ओळख तयार करावी लागेल. ज्या शहरात राहाल तिथं नाव सांगूनही घर देणाऱ्या मालकांची यादी ठेवा. घर सोडायच्या दोन महिने आधी ज्युनियर्सना कळवा, मालकाशी स्वतः गाठ घालून द्या. माझा प्रबंध पुढच्या वर्षी संपेल. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली कुणाला हवी असेल तर आतापासून सांगून ठेवा. पंखा मी तिथंच ठेवून जाणार आहे.

जय भीम!