बॅकवॉशने काय होतं, काय होत नाही



सोसायटीच्या पंपघरात बऱ्याचदा दोन उंच टाक्या दिसतात.
एकीत वाळू.
दुसरीत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन,
म्हणजे नारळाच्या करवंटीपासूनही बनवतात तो काळा, दाणेदार कोळसा.

हा कार्बन पाण्यातला क्लोरीन काढतो.
वास आणणारी द्रव्यं त्याच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटून बसतात.

आता बॅकवॉश.
पाणी खालून वर सोडायचं.
थर फुगतो, दाणे सुटे होतात.
अडकलेला गाळ वाहून जातो.
पाणी पुन्हा मोकळं वाहतं.

पण श्रोतेहो, इथेच गैरसमज होतो.
बॅकवॉशने गाळ जातो.
छिद्रांत चिकटलेली द्रव्यं मात्र तिथेच राहतात.
कार्बन नवा होत नाही.

उलट, वारंवार बॅकवॉश केला तर तोटाच.
वरचा वापरलेला कार्बन खालच्या ताज्या थरात मिसळतो.
त्याची द्रव्यं पाण्यात पुन्हा सुटू शकतात.
शिवाय कार्बन वाळूपेक्षा हलका.
जोर जास्त झाला, की तो थेट गटारात जातो.

मग बॅकवॉश करूच नये?
करायलाच हवा.
क्लोरीन निघून गेला, की या थरात जिवाणू वाढू लागतात,
आणि साचलेला गाळ त्यांना आसरा देतो.
म्हणून टाकीवरचे दाबमापक पाहा.
आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दाबातला फरक वाढला, की बॅकवॉश करा.

पुन्हा सांगते, बॅकवॉशने कार्बन धुतला जातो, नवा होत नाही.
सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढं जरूर विचारा :
आपला कार्बन शेवटचा कधी बदलला?