गल्लीतील वेग
ब्रह्माघाटाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मराठी कुटुंबांना गल्ली म्हणजे अंगणच. उंबरठा ओलांडला की पाऊल थेट वाटेवर पडते. तेथे मोटारसायकल भरधाव आली, तर दोष खेळणाऱ्या मुलाला द्यावयाचा काय? वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास चौपट अंतर लागते. आणि आपल्या गल्लीत वळणापलीकडचे माणूस तर दिसतच नाही. माणसे व वाहने जेथे एकत्र वावरतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने सांगितले. आपल्याकडे तीही फार झाली. नुसत्या फलकाने भागणार नाही. (भरधाव जाणारा तो वाचणार केव्हा?) गल्लीच्या तोंडाशी उतरून गाडी हाताने ढकलीत न्यावी, अशी माझी सूचना आहे. पहिली गाडी माझ्याच मुलाची अडवावी.