भीती घालवावी पायरीपायरीने



सर्पदंशातून वाचलेला माणूस कित्येकदा पुन्हा शेतात जायला धजत नाही. जखम भरून येते. पण रात्री दारे धरायला जायचे म्हटले की छाती धडधडते, हातपाय गार पडतात. घरचे त्याला भित्रा म्हणतात. तसे म्हणू नये. ही भीती घालवता येते, आणि ती कशी घालवावी याविषयीच आज बोलणार आहे.

शेतात जाणे टाळले की तेवढ्यापुरते हायसे वाटते. परंतु त्यामुळेच भीती पक्की होते. आधी रात्रीची फेरी सुटते, मग गवताचा बांध आणि शेवटी वावरच सुटते.

गोऱ्हा शिकवताना आपण त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मानेवर नुसते जू ठेवतो, मग ओंडका ओढायला लावतो, नंतर हलके औत. मनालाही असेच वळण लावावे. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलावर हा प्रयोग केला व १९२४ साली तो प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणला. शेवटी मुलगा सशाशी खेळू लागला.

आपणही कागदावर पायऱ्या लिहाव्यात :

१. दिवसा सोबत्याबरोबर बांधापर्यंत जाणे.
२. दिवसा एकट्याने मोकळ्या वावरात काम करणे.
३. दिवेलागणीला सोबत्याबरोबर फेरी मारणे.
४. रात्री सोबत्याबरोबर पाणी देणे.
५. रात्री एकट्याने मोटारीपर्यंत जाऊन येणे.

प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबावे. लगेच माघारी फिरू नये. तीच पायरी काही दिवस करावी. ती सोपी वाटू लागली की पुढची घ्यावी. फारच जड गेल्यास एक पायरी मागे यावे, पण सोडून देऊ नये.

मात्र भीती घालवणे म्हणजे निष्काळजी होणे नव्हे. गमबूट, बॅटरी व काठी कायम बाळगावी. सापाला डिवचू नये. दंश झाल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता तडक रुग्णालय गाठावे.

झोप उडाली, अन्न गोड लागेना किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांना जरूर भेटावे. २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.

तेव्हा पहिली पायरी आजच ठरवा.