ओसरीवरची मिलिंग मशीन



१९७२ साली निघालेली लूना नगर-दौंड रस्त्यावरच्या किनेटिकच्या कारखान्यात बनत असे. अशा कारखान्यांनी या शहरात कसबी हात घडवले. कारखाना सुटला की त्या हातांनी काय करावे?

आमच्या युनियनमधल्या एका मिलिंगवाल्याची नोकरी गेली. त्याने टेबलावर मावेल एवढी मशीन आणून ओसरीत मांडली. पहिलाच जॉब फुकट गेला. दोष हाताचा नव्हता. स्क्रू आणि नट यांत ढिलाई होती. चाक उलटे फिरवले की टेबल हलण्याआधी डायलची दहा घरे निघून जात. एक घर ०.०२ मिलिमीटरचे. कटरचा दात जिकडे जातो तिकडेच जॉब सरकवला, तर दातच टेबल ओढून घेतो. गड्याने नट चिरला, स्क्रूने दोन्ही भाग फाकवून ढिलाई काढली. प्लॅस्टिकचे गिअर काढून पट्टा चढवला.

हे सारे मला पसंत. भांडलो ते स्विचवरून. वीज जाते, माणूस कीस काढायला हात घालतो, वीज येते आणि कटर फिरतो! नो-व्होल्ट स्विच असला, तर पुन्हा बटण दाबल्याखेरीज मोटर सुरू होत नाही. तो म्हणाला, "दादा, घरात कोण इन्स्पेक्टर येतोय?" कारखान्यात आम्ही मालकाशी भांडलो, ओसरीवर मालकही तोच आणि कामगारही तोच.

तीन दिवसांनी त्याने स्विच बसवला. हातमोजे घालून मात्र अजून मशीन चालवतो. कटर मोजा पकडतो, मागोमाग बोटे. ते भांडण चालू आहे.