हाडातील रक्ताच्या वाटा

'हाडाची काडे झाली' असे मराठीत म्हणतात, तेव्हा हाड म्हणजे वाळकी काटकी, अशीच काहीशी कल्पना मनात असते. जिवंत हाड मात्र ओले असते. त्यात रक्त खेळत असते. इंग्लंडमधील क्लॉप्टन हॅवर्स या वैद्याने 1691 मध्ये हाडातील सूक्ष्म नलिकांचे वर्णन केले. त्यांतून मज्जेचे तेल झिरपत असावे, असे त्याला वाटले होते. त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा आहेत, हे पुढे उमगले.

अपघातात नडगीचे हाड चुरून मध्ये पोकळी राहिली, तर शल्यविशारद रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तेथे कलम बसवितो. कलम हा शब्द येथे माळ्याच्या अर्थानेच घ्यावा. आंब्याच्या कलमाला खुंटाचा रस पोचावा लागतो, तसे हाडाच्या कलमाला रक्त. केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एकदोन दशांश अंतरापर्यंतच पेशीला पुरेसा प्राणवायू मिळतो; त्यापलीकडे ती गुदमरते. प्रयोगशाळेत कॅल्शियम फॉस्फेटचा किंवा पॉलिमरचा सच्छिद्र सांगाडा घडवून त्यात पेशी पेरल्या, तरी नियम तोच. सांगाडा कितीही सुबक असो, आत वाहिन्या शिरल्या नाहीत तर कडेला हाड धरते आणि गाभा मरतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असे सांगाडे घडविणारे संशोधक आहेत. पण वाहिन्या आत पोचल्या की नाही, हे पाहायचे कसे?

या पाहण्याची एक किल्ली त्याच संस्थेत घडली आहे. जी. एन. रामचंद्रन हे तेथेच सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली तयार झाले. हाडातील क्षार ज्या तंतूंवर बसतात, त्या कोलॅजन नामक प्रथिनाची तिपेडी रचना त्यांनी 1954 मध्ये मद्रासला गोपीनाथ कर्था यांच्यासह मांडली. पुढे ते बंगळूरला परतले, आणि 1971 मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी अगदी निराळ्या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला.

क्ष-किरणांचे चित्र म्हणजे छाया. वस्तूभोवती फिरून पुष्कळ छाया घेतल्या आणि प्रत्येक छाया आल्या वाटेने मागे पसरून एकमेकींवर टाकली, तर आतील आकृती उमटते खरी, पण धुक्यात बुडालेली. ते धुके टाळण्यासाठी छायांचे तरंगांत पृथक्करण करण्याचे लांबलचक गणित करावे लागे. या दोघांनी सुचविले की, छाया पसरण्यापूर्वीच तिच्या प्रत्येक बिंदूची किंमत शेजाऱ्यांच्या किमतींवरून सुधारून घ्यावी. लगतच्या शेजाऱ्याचा ठरावीक अंश वजा करायचा. दुसऱ्याला हात लावायचा नाही. तिसऱ्याच्या वेळी त्या अंशाचा नववा भाग घ्यायचा. चौथा पुन्हा मोकळा. इतक्या साध्या हिशेबाने धुके विरते! त्याच वर्षी लंडनमध्ये हाउन्सफील्ड याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले, आणि 1979 मध्ये कॉर्मॅक याच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. बंगळूरच्या हिशेबाला 'रॅम-लॅक' एवढे आखूड नाव मिळाले. ते त्या विद्येबाहेर फारसे कोणी ऐकलेले नाही.

हाडातील वाहिन्या पाहायच्या, तर आणखी एक अडचण आहे. रक्त क्ष-किरणांना फारसे अडवीत नाही, हाड अडविते. म्हणून प्रयोगातील मृत प्राण्याच्या वाहिन्यांत शिसेयुक्त द्रव भरून तो गोठवितात. आता वाहिन्याही पांढऱ्या, हाडही पांढरे. मग हाडातील कॅल्शियम रसायनाने हळूहळू विरघळवून काढतात. त्यानंतरच्या सूक्ष्म छेदचित्रांत झाडाच्या फांद्यांसारखा वाहिन्यांचा विस्तार एकटा उभा राहतो. पण तेच कलम पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहता येत नाही, आणि रुग्णाच्या बाबतीत तर हा मार्गच बंद. नडगीत बसविलेल्या कलमाचा गाभा जगला की नाही, हे शल्यविशारदाला बहुधा बाहेर धरलेल्या हाडावरूनच ताडावे लागते.

शिवाय सगळ्या वाहिन्या सारख्या नसतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात शिकलेल्या अंजली कुसुंबे यांनी 2014 मध्ये जर्मनीतील सहकाऱ्यांसह उंदरांच्या हाडांत एक विशिष्ट जातीची वाहिनी दाखविली. हाड घडविणाऱ्या पेशी तिच्याभोवती गोळा होतात आणि वयाबरोबर ती विरळ होत जाते. ती ओळखावी लागते प्रथिनांना चमकते रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली. क्ष-किरणांना ती इतर वाहिन्यांसारखीच दिसते.