बॉबी ऑर : एका बचावपटूची घडण



बर्फावरील हॉकी आपल्याकडील मुलांच्या पाहण्यात येण्याचा संभव थोडाच. कॅनडात मात्र हिवाळ्यात नद्या व सरोवरे गोठली, की पोलादी पात्यांचे बूट घालून मुले तासन् तास या खेळात रमतात. चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती असते. प्रत्येक पक्षाचे सहा गडी : एक गोलरक्षक, दोन बचावपटू व तीन आघाडीचे. बचावपटूने मागे राहावे, प्रतिपक्षास अंगाच्या बळावर अडवावे आणि चकती मिळताच ती पुढच्या गड्याकडे सोपवावी, असा जुना संकेत होता. तो संकेत बदलण्याचे श्रेय मुख्यतः बॉबी ऑर याच्याकडे जाते.

ऑन्टारिओ प्रांतातील पॅरी साउंड या लहान गावी २० मार्च १९४८ रोजी त्याचा जन्म झाला. अंगाने किरकोळ, पण बर्फावर विलक्षण चपळ. अशा मुलाने आघाडीस खेळावे, असे वडिलांना वाटे, आणि त्यात वावगे काही नव्हते. परंतु गावच्या मुलांना खेळ शिकविणारे बको मॅकडोनाल्ड यांनी त्याला बचावास ठेवले. हे गृहस्थ स्वतः नामांकित व्यावसायिक बचावपटू होते. पुढे १९४५ ते १९५७ पर्यंत ते कॅनडाच्या संसदेचे सभासद होते. त्यांचा स्वतःचा खेळ धक्का देऊन अडविण्याचा, वेगाचा नव्हे. तरीही त्यांनी मुलाला मागे जखडून ठेवले नाही. मागच्या गड्यास सारे मैदान समोर दिसते व धावेला मोकळी जागा मिळते. चकती घेऊन खुशाल पुढे जावे, अशी मोकळीक त्यांनी दिली. आपल्याहून निराळ्या रीतीने खेळणाऱ्या शिष्यास तसे खेळू देणे वाटते तितके सोपे नसते.

१९६१ मध्ये गॅनानोक्वे येथील मुलांच्या सामन्यांस बॉस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघाचे अधिकारी आले. ते आले होते दुसरीच दोन मुले पाहावयास. नजर खिळली ती बॉबीवर. १९६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो त्या संघाशी कराराने बांधला गेला. मोबदल्यात काही रक्कम, एक मोटारगाडी आणि राहत्या घराला नवा गिलावा मिळाला. साध्या कुटुंबास हे मोठेच वाटले असणार. तथापि त्या काळच्या कराराने मुलाचे पुढील सारे खेळजीवन एकाच संघाच्या स्वाधीन होई, हेही विसरता येत नाही.

ओशावा येथील कुमार संघात तो पहिल्या वर्षी केवळ सामन्यांपुरता जाई. आईचा आग्रह असा, की मुलाने घरी राहूनच शाळा शिकावी. प्रतिस्पर्धी अठरा-एकोणीस वर्षांचे. अखेरच्या, म्हणजे १९६५-६६ च्या मोसमात या बचावपटूने ३८ गोल केले.

अठरा वर्षे पुरी होताच तो बॉस्टनकडून उतरला. पहिला सामना १९ ऑक्टोबर १९६६ रोजी, डेट्रॉइटविरुद्ध. त्या मोसमात ६१ सामन्यांत १३ गोल व २८ साहाय्ये त्याच्या नावे लागली. उत्कृष्ट नवोदितास मिळणारे काल्डर पारितोषिक त्याला मिळाले. संघ मात्र सहांत शेवटचाच राहिला. उत्कृष्ट बचावपटूचे नॉरिस पारितोषिक त्या वर्षी हॅरी हॉवेल या अनुभवी खेळाडूस मिळाले. यापुढे हे पारितोषिक ऑरचेच होणार, असे हॉवेलनेच बोलून दाखविले. १९६८ पासून सलग आठ वर्षे तसेच घडले. १९६९-७० मध्ये १२० गुण मिळवून ऑर साऱ्या खेळाडूंत पहिला आला. बचावपटूने हा मान मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग.

पण ज्या धावेने नाव मिळविले, त्याच धावेत तो वारंवार प्रतिपक्षाच्या धडकांत सापडे. डाव्या गुडघ्यास पहिली मोठी दुखापत पहिल्याच मोसमात झाली. पुढे त्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. १९७८ साली त्याने खेळ सोडला, तेव्हा त्याचे वय अवघे तीस होते.